कऱ्हाड, कर्‍हाड आणि कराड

मागच्या महिन्यात टीममधे नवीन आलेली एक मुलगी माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसली होती, तिला एका रिपोर्टचे आकडे जुळत नव्हते म्हणून मी माझ्या काळ्या स्क्रीनवर क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारायचा प्रश्न, लिहीत होतो, सिलेक्ट, मग कॉलमची नावं, मग फ्रॉम, एकेक शब्द. ती बराच वेळ गप्प बघत होती आणि मग म्हणाली, सर, तुम्ही हे सगळं हातानेच टाइप करता? तिच्याकडे छान टूल आहे, डावीकडे टेबलांची यादी दिसते, डबल क्लिक केलं की डेटा समोर, सेल एडिट करायचा, सेव्ह दाबायचं, झालं. मी तेव्हा सवय आहे एवढंच म्हणालो. पण संध्याकाळी सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमधे अडकलो तेव्हा तोच प्रश्न डोक्यात घोळत राहिला, कारण सवय आहे हे काही उत्तर नाही, सवय चुकीची पण असू शकते. म्हणून आज जरा सविस्तर लिहितोय, तिच्यासाठी आणि तिच्याबरोबर आलेल्या बाकीच्या मुलांसाठी.

मी डेटाबेस पहिल्यांदा बघितला तो कॉलेजच्या लॅबमधे. ओरॅकल नावाच्या डेटाबेसचा एसक्यूएल प्लस, टाइप करून प्रश्न विचारायचा प्रोग्रॅम, युजरनेम स्कॉट, पासवर्ड टायगर. हा स्कॉट म्हणजे ब्रूस स्कॉट, ओरॅकलच्या अगदी सुरुवातीच्या लोकांपैकी एक, आणि टायगर हे त्यांच्या घरच्या मांजराचं नाव, हे मला फार नंतर कळलं. तेव्हा आमच्यासाठी ते लॅबचं दार उघडायचे दोन शब्द होते. आत गेलं की कर्मचाऱ्यांचं ईएमपी नावाचं टेबल, बरोब्बर १४ ओळी. आठ कॉलम ८० अक्षरांच्या ओळीत मावायचे नाहीत म्हणून शेवटचा डिपार्टमेंट नंबर खालच्या ओळीवर पडायचा, हेडिंग मधेच परत छापलं जायचं, आणि हे सगळं आम्ही जर्नलमधे हाताने उतरवायचो, रेघा मारून. त्यामुळे ते १४ जण मला अजून पाठ आहेत. स्मिथ, काम क्लार्कचं, पगार ८००. किंग, प्रेसिडेंट, पगार ५०००. किंगच्या मॅनेजरची जागा रिकामी, कारण त्याच्यावर कोणी नाही.

त्या रिकाम्या जागेवर मी एकदा अख्खं प्रॅक्टिकल घालवलं. ज्याला मॅनेजर नाही तो कोण, असा प्रश्न होता, मी लिहिलं व्हेअर मॅनेजर इक्वल टू नल, व्हेअर म्हणजे कोणत्या ओळी हव्यात ती अट, आणि उत्तर आलं नो रोज सिलेक्टेड. समोर किंग दिसतोय, त्याची जागा रिकामी दिसतेय, आणि मशीन म्हणतंय असं कोणीच नाही. मॅडम मागून आल्या आणि म्हणाल्या, नल म्हणजे शून्य नाही रे, नल म्हणजे माहीत नाही, आणि जे माहीतच नाही ते कशाच्या बरोबर आहे असं कसं म्हणणार, इज नल लिही. मी लिहिलं, किंग आला. त्या दिवशी पहिल्यांदा लक्षात आलं की मी जे विचारलं त्याचं उत्तर मशीनने अगदी बरोबर दिलं होतं, माझ्या मनात होतं ते मी विचारलंच नव्हतं.

आता प्रश्न विचारायची ही भाषा मुळात कुणासाठी होती ते बघा. एडगर कॉड यांनी १९७० मधे रिलेशनल मॉडेलचा, म्हणजे डेटा टेबलांत मांडायच्या कल्पनेचा, पेपर लिहिला, तो गणिताच्या भाषेत होता, आणि १९७४ मधे आयबीएमच्या सॅन होजेच्या लॅबमधल्या डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी सीक्वेल नावाची भाषा मांडली ती याच्यासाठी की ज्याला प्रोग्रॅमिंग येत नाही, हिशेब ठेवणारा माणूस असेल, इंजिनिअर असेल, शहराचं प्लॅनिंग करणारा असेल, त्यालाही आपल्या डेटाला सरळ प्रश्न विचारता यावा. पुढे त्या नावावर दुसऱ्या कंपनीचा ट्रेडमार्क निघाला म्हणून ते एसक्यूएल झालं. म्हणजे ही भाषा माणसाने बसून लिहावी, वाचावी म्हणूनच बनवलेली होती. बटणामागे लपवायची म्हणून नाही. मला हे फार महत्त्वाचं वाटतं.

बरं, तर प्रॉम्प्ट.

पोस्टग्रेस या डेटाबेसचा जो पीएसक्यूएल, टाइप करायचा प्रोग्रॅम, आहे त्याचा प्रॉम्प्ट, म्हणजे टाइप करायच्या जागेआधी दिसणारी खूण, मला मनापासून आवडतो. तीन-चार चिन्हं असतात फक्त, पण ती सतत काहीतरी सांगत असतात. आधी डेटाबेसचं नाव, मग बरोबरचं चिन्ह, मग ग्रेटर दॅनची खूण. त्या खुणेच्या जागी हॅश दिसला तर तुम्ही सुपरयुजर म्हणून आत शिरलाय, म्हणजे आता परवानगी नाही म्हणून तुम्हाला कोणी अडवणार नाही, जपून. एंटर मारलं आणि बरोबरच्या जागी डॅश आला तर वाक्य पुरं झालेलं नाही, सेमिकोलन राहिलाय. डॅशऐवजी कोट आला तर कुठेतरी कोट उघडा राहिलाय, कंस आला तर कंस. नवीन मुलं इथेच अडकतात, हँग झालं म्हणतात, विंडो बंद करून टाकतात, आणि तो बिचारा नुसता वाक्य संपायची वाट बघत असतो. ट्रान्झॅक्शन, म्हणजे एकत्र पक्के किंवा एकत्र रद्द होणारे बदल, चालू असेल तर स्टार दिसतो. आणि त्या ट्रान्झॅक्शनमधे काही फिसकटलं की स्टार जाऊन उद्गारचिन्ह येतं, मग तुम्ही रोलबॅक करेपर्यंत, म्हणजे ते बदल मागे घेईपर्यंत, तो पुढचं काही म्हणजे काही ऐकत नाही. एवढ्याशा जागेत एवढं सगळं. मी नवीन माणसाला शिकवायला बसतो तेव्हा पहिला अर्धा तास फक्त हेच दाखवतो, क्वेरी नंतर.

हे मी एवढं जीव तोडून का सांगतो त्याला कारण आहे. दहा-बारा वर्षांपूर्वीची गोष्ट, एका क्लायंटचं काम, मायएसक्यूएल हा डेटाबेस होता, रात्रीचे साडेनऊ. तीन लोकांचं स्टेटस बदलायचं होतं, फक्त तीन. अपडेट मी नोटपॅडमधे लिहून ठेवला होता, आधी एका ओळीत, शेवटी सेमिकोलन, मग लक्षात आलं व्हेअर राहिलं म्हणून खालच्या ओळीत व्हेअर जोडलं आणि वरचा सेमिकोलन काढायचा राहिला. कॉपी, पेस्ट, एंटर. स्क्रीनवर आलं, क्वेरी ओके, ११,३१२ रोज अफेक्टेड. त्याच्याखाली सिंटॅक्स एरर, कारण नुसत्या व्हेअरने सुरू होणारं वाक्य त्याला कळेना. मी आधी एरर वाचली आणि वाटलं, चला, चाललंच नाही. मग वरची ओळ वाचली. पोटात खड्डा पडला. मायएसक्यूएलमधे तुम्ही वेगळं काही सांगितलं नाही तर प्रत्येक वाक्य तिथल्या तिथे कमिट, म्हणजे पक्कं होतं, मागे जायला रस्ता नाही.

माझ्या सीनियर सरांना फोन लावला. ते ओरडले नाहीत. पहिलं वाक्य विचारलं, टर्मिनल बंद केलं नाहीस ना? करू नको, तिथे काय काय आलंय ते वरपासून जसंच्या तसं वाच. मी वाचत गेलो, ते ऐकत गेले, आणि मधेच म्हणाले, नऊ छत्तीस, वेळ लिहून ठेव. मग आदल्या रात्रीचा डम्प, म्हणजे डेटाची पूर्ण प्रत, एका वेगळ्या डेटाबेसमधे चढवला, तिथली जुनी स्टेटस जॉइन करून परत आणली, आणि त्या दिवशी खरोखर बदललेल्या लोकांची यादी बायनरी लॉगमधून, म्हणजे झालेल्या बदलांच्या नोंदीतून, नऊ छत्तीसपर्यंतची काढून एकेक करून लावली. पहाटेचे चार वाजले. सकाळी सरांनी क्लायंटला स्वतः फोन करून काय झालं होतं ते सगळं सांगितलं, माझं नाव न घेता, आमच्याकडून झालं असं म्हणाले. ते मी विसरलेलो नाही.

तेव्हापासून माझा एक क्रम ठरलाय आणि तो मी कधीच मोडत नाही, कितीही घाई असली तरी. आधी त्याच व्हेअरने सिलेक्ट काउंट. आकडा कागदावर लिहायचा, हो, पेनने. मग बिगिन, म्हणजे ट्रान्झॅक्शन सुरू. मग अपडेट, आणि तोही वरचा बाण दाबून आधीची ओळ परत आणून, फक्त सुरुवातीचे शब्द बदलून, म्हणजे व्हेअर जे तपासलं तेच राहतं. मग किती ओळी बदलल्या ते बघायचं, कागदावरच्या आकड्याशी जुळलं तर कमिट, एकने जरी फरक असला तरी रोलबॅक. मायएसक्यूएलमधे एक काळजी घ्या, टेबल जुन्या मायआयसॅम इंजिनचं, म्हणजे डेटा साठवायच्या जुन्या पद्धतीचं असेल तर तिथे रोलबॅक काहीच करत नाही, म्हणून आधी शो क्रिएट टेबल करून इनोडीबी आहे ना ते बघून घ्यायचं. आणि मायएसक्यूएलच्या टाइप करायच्या प्रोग्रॅमला सेफ अपडेट्स नावाचा ऑप्शन आहे, तो लावला की व्हेअरमधे इंडेक्स असलेला, म्हणजे की कॉलम नसेल आणि लिमिटही नसेल तर तो अपडेट आणि डिलीट करायलाच नकार देतो. त्याच ऑप्शनचं दुसरं नाव आय ॲम अ डमी असं आहे, खरंच आहे, मॅन्युअलमधे लिहिलंय. लोक हसतात म्हणून लावत नाहीत. मी लावतो, आणि प्रत्येकाने लावावा असं मला वाटतं, नाव काहीही असो.

मोठमोठ्या लोकांचं पण होतं हे. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅबच्या, प्रोग्रॅमर लोकांचा कोड सांभाळणाऱ्या कंपनीच्या, एका इंजिनिअरने रात्री उशिरा, बराच वेळ एका प्रॉब्लेमशी झुंजल्यावर, डेटाबेसची डिरेक्टरी उडवली, त्याला वाटत होतं आपण दुसऱ्या नंबरच्या सर्व्हरवर आहोत, होता तो एक नंबरवर, म्हणजे प्रॉडक्शनवर, लोक प्रत्यक्ष वापरतात त्या सर्व्हरवर. एक-दोन सेकंदांत त्याच्या लक्षात आलं, त्याने थांबवलं, तोपर्यंत सुमारे ३०० जीबीमधले साडेचार जीबी उरले होते. बॅकअप बघायला गेले तर व्हर्जनचा घोळ होऊन तो कधीचा फेल होत होता आणि कोणाला पत्ता नव्हता. साधारण सहा तासांचा डेटा गेला. पण त्यांनी काहीही लपवलं नाही, सगळ्या जगासमोर लिहून काढलं, आणि पुढे काय सुधारायचं त्या यादीत एक साधी गोष्ट होती, प्रत्येक मशीनचा प्रॉम्प्ट असा करायचा की आपण कुठे आहोत ते नीट कळेल. मी ते वाचलं त्याच दिवशी माझ्या प्रॉडक्शनच्या सगळ्या विंडो लाल केल्या.

अजून एक गोष्ट, छोटी आहे पण सांगतो. तुम्ही जे टाइप करता ते हिस्टरी फाइलमधे जमा होत असतं. मी एकदा माझी पीएसक्यूएलची हिस्टरी सहज उघडून बघितली आणि त्यात कितीतरी लोकांचे मोबाइल नंबर होते, कारण मी व्हेअर मोबाइल इक्वल टू अमुक असं शोधलेलं. ते लोक कोण, त्यांची काय तक्रार होती, मला काही आठवत नव्हतं, आणि त्यांचे नंबर माझ्या होम फोल्डरमधे दोन वर्षं पडून होते. पासवर्ड कमांडमधेच लिहिला तर तोही तसाच राहतो. तेव्हा आता मी ती फाइल दर महिन्याला साफ करतो.

आता ज्याच्यासाठी खरं तर लिहायला बसलो ते.

शेजारी बसलेल्या त्या मुलीचा रिपोर्ट होता गावानुसार सभासदांची संख्या. गावांची नावं मराठीत, लोकांनी आपापल्या फोनवरून, ऑफिसमधल्या कॉम्प्युटरवरून भरलेली. देवनागरी आणि टर्मिनल यांचं तसं फार जमत नाही, काना-मात्रा-वेलांट्यांची रुंदी टर्मिनलला नीट मोजता येत नाही म्हणून कॉलमच्या उभ्या रेघा वाकड्यातिकड्या पळतात, मग बॅकस्लॅश एक्स देऊन एकेक कॉलम एकेका ओळीत वाचावा लागतो. पूर्वी तर याहून वाईट होतं. एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं बाइट्समधे लिहायची पद्धत, चुकलं की पुणेच्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेले ए आणि मधेमधे चार शिंगांचं एक गोल चिन्ह, अशी रांग दिसायची. ज्याने ती रांग बघितलीय त्याला माहितीय की ती दिसली तर एका अर्थी हायसं वाटतं, कारण बाइट्स बहुतेक शाबूत आहेत, फक्त चुकीच्या चष्म्यातून वाचले जातायत. पण सेव्ह झालेल्या डेटात नुसती प्रश्नचिन्हं दिसली तर संपलं, ते नाव गेलं, परत त्या माणसालाच विचारावं लागणार.

तिच्या डेटात असलं काही नव्हतं, सगळं स्वच्छ दिसत होतं. तरी ग्रुप बाय केलं, म्हणजे एकेका गावाची वेगळी मोजणी केली, की कऱ्हाड दोनदा येत होतं. एकात ३४१ लोक, दुसऱ्यात २१७. शिवाय कराड वेगळं, ते समजू शकतो, दोन्ही लिहितात लोक. पण कऱ्हाड आणि कर्‍हाड, अक्षर न् अक्षर सारखं. तिने एक्सेलमधे नेऊन बघितलं, तिथेही तसंच. पुढेमागे स्पेस असेल म्हणून ट्रिम करून बघितलं, फरक नाही. तिच्या टूलमधे झूम करून बघितलं. सर, डेटाबेसला बग आहे का, असं तिने विचारलं होतं, तिथून हे सगळं सुरू झालं.

मी म्हटलं, लांबी मोजू. मराठीत लांबी मोजणं ही एक वेगळीच गंमत आहे. पुणे या शब्दात आपण म्हणतो दोन अक्षरं. पोस्टग्रेसला लेंग्थ विचारा, तो म्हणतो ४, कारण प, उकार, ण, मात्रा हे त्याच्यासाठी चार वेगळे. ऑक्टेट लेंग्थ विचारा, तो म्हणतो १२, कारण यूटीएफ-८ मधे यातल्या प्रत्येकाला तीन बाइट. तिन्ही उत्तरं खरी आहेत. तर पहिल्या कऱ्हाडची लेंग्थ आली ६, बाइट १८. दुसऱ्याची लेंग्थ आली ७, बाइट २१. तिने खुर्ची पुढे ओढली. एक अक्षर जास्त होतं आणि ते दिसत नव्हतं.

मग हेक्समधे काढलं, म्हणजे एकेक बाइट आकड्यांत. पहिल्यात क नंतर जो र होता त्याचा शेवट बी-एक, दुसऱ्यात बी-शून्य. म्हणजे पहिला र हा साधा र नाहीच, तो खाली टिंब असलेला ऱ आहे, युनिकोडमधे त्याची स्वतंत्र जागा आहे, त्याला हलन्त जोडला की आपला तो पापणीसारखा अर्धा र मिळतो. दुसऱ्यात साधा र, हलन्त, आणि त्याच्यानंतर तीन बाइटचं एक जोडचिन्ह, झीरो विड्थ जॉइनर, ज्याला रुंदीच नाही, स्वतः दिसत नाही, फक्त शेजारच्या अक्षराचा आकार बदलतो. पापणीचा र लिहायच्या या दोन वाटा आहेत, कोणता कीबोर्ड कोणती घेतो ते लिहिणाऱ्याला कळतही नाही. दोघांनी एकच गाव लिहिलं, दोघांनी बरोबर लिहिलं, आणि पोस्टग्रेस बाइट बघतो म्हणून त्याच्या दृष्टीने ती दोन गावं झाली. दुसऱ्या वाटेने लिहिलेले २१७ लोक आमच्या सर्चलाही सापडत नसणार, इतके दिवस. पापणीचा र आपल्या भाषेत किती आहे बघा, वऱ्हाड, कुऱ्हाड, तऱ्हा, दुसऱ्याचा, गोऱ्हे. ॲडव्होकेटचा ॲ पण असाच दोन प्रकारे लिहिला जातो, एकात एक अक्षर, एकात दोन.

हे टूलमधे सापडलं नसतं असं मी म्हणत नाही, क्वेरीची खिडकी तिथेही असते. पण तिथे आधी दिसतो तो रंगवलेला तक्ता, आणि तक्ता बघितला की आपल्याला वाटतं आपण डेटा बघितला. इथे मला प्रत्येक गोष्ट विचारावी लागते, आणि विचारायची म्हटलं की आधी स्वतःशी नीट ठरवावं लागतं की मला नेमकं काय हवंय.

मग दुरुस्ती तिच्याकडूनच करून घेतली, माझ्या कीबोर्डवर. आधी काउंट, २१७. मी तिला पेन दिला, तिने तळहातावर लिहिलं. बिगिन, प्रॉम्प्टमधे स्टार आला, तिने मला तो बोट लावून दाखवला. मग अपडेट, रिप्लेस, जुन्या जागी र, हलन्त आणि कॅरेक्टर ८२०५, नव्या जागी ऱ आणि हलन्त, आणि व्हेअरमधे तेच गाव. एंटर मारायच्या आधी तिने ती ओळ पहिल्यापासून शेवटपर्यंत पुटपुटत वाचली, मी तिला तसं सांगितलं नव्हतं. अपडेट २१७. हाताकडे बघितलं. कमिट. परत ग्रुप बाय, कऱ्हाड एकदाच, ५५८.

मग ती म्हणाली, सर, कराड पण यातच घालून टाकू का, तेच तर गाव आहे. तिचं बरोबर होतं, सरकारी कागदांवर तर कराडच असतं. पण माझं आजोळ तिथलंच, कृष्णा-कोयनेच्या संगमापासून चालत दहा मिनिटांवर, आणि आजी आयुष्यभर कऱ्हाडच म्हणत आली, मामा कराड लिहितो. त्या ५५८ जणांनी आपापल्या हाताने ऱ्हा लिहिलाय, कराडवाल्यांनी रा लिहिलाय. मी तिला म्हटलं, रिपोर्टसाठी एक वेगळा कॉलम करू, गावाचा कोड, त्याच्यावर मोज. लोकांनी जे लिहिलंय ते राहू दे.

तिने बॅकस्लॅश डी देऊन टेबलची रचना बघितली आणि नवा कॉलम जोडायला ऑल्टर टेबल लिहायला घेतलं.